काढलेल्या कोचला सगळे पैसे एकरकमी मिळतात?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा कोच काढला की 'दुसऱ्या दिवशी इतक्या कोटी डॉलरचा चेक' ही गोष्ट हमखास फिरते. बहुतेक वेळा ती खरी नसते. काढलेल्या कोचला द्यायची ही रक्कम म्हणजे 'बायआउट': करारातल्या उरलेल्या हमीच्या रकमेचा हिशोब, आणि ती कशी द्यायची हे करारातच लिहिलेलं असतं.

टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोच जिम्बो फिशरला काढलं. देणं होतं सुमारे ७.६८ कोटी डॉलर. त्यातले १.९२ कोटी ६० दिवसांत, बाकी दरवर्षी ७२ लाख, थेट २०३१ पर्यंत. हा करार विद्यापीठाला जास्तच महागात पडला, कारण त्यात वजावटीचं कलमच नव्हतं: फिशरला दुसरीकडे नोकरी लागली तरी हप्ता एका डॉलरनेही कमी होणार नाही.

एरवी हे कलम असतं. कोचने नवं काम शोधायचं आणि तिथला पगार जुन्या देण्यातून वळता करायचा. २०२५ मध्ये पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिनला काढलं तेव्हा बातम्यांत आकडा होता सुमारे ४.९ कोटी, तो व्हर्जिनिया टेकला गेला आणि तडजोड झाली ९० लाखांवर. म्हणून मथळ्यातला आकडा ही कमाल मर्यादा समजावी.

गैरवर्तनासारखं कारण देऊन काढलं, तर विद्यापीठ काहीच द्यायला नकार देऊ शकतं. मग वाद कोर्टात जातो. आणि कोच स्वतःहून सोडून गेला तर देणं उलट त्याच्यावर. ते सहसा नवं विद्यापीठच भरतं.