कातेन्का : झारच्या रशियाची शंभर रुबलची नोट
(आमच्याकडून ही नोट नेणाऱ्यांसाठी, आणि घरी सापडलेली नोट दाखवायला आणणाऱ्यांसाठी)

ही नोट तुमच्या नेहमीच्या अल्बममध्ये मावणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. लांबी २६० मिलिमीटर, रुंदी १२२. आपली आजची पाचशेची नोट १५० बाय ६६ आहे. तशा तीन नोटा मांडल्या तरी कातेन्काचा थोडा भाग उघडा राहतो. वर्ष १९१० छापलेले, रंग मुख्यतः तपकिरी, आणि मागच्या बाजूला डावीकडे रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन. रशियनमध्ये तिचे नाव येकातेरिना. आपण शकुंतलेची शकू करतो तशी लोकांनी येकातेरिनाची कातेन्का केली आणि नोटेलाही तेच नाव पडले. पाचशेच्या नोटेवर पीटर द ग्रेट, म्हणून ती पेतेन्का. ती हिच्याहूनही मोठी, २७५ मिलिमीटर लांब.

शंभर रुबल ही तेव्हा चैनीची नव्हे, जोखमीची रक्कम होती. पहिल्या महायुद्धाआधी रशियातल्या कारखान्यातला साधा कामगार वर्षभर राबून सुमारे अडीचशे रुबल मिळवायचा. म्हणजे अशा जेमतेम अडीच नोटा.

बाईच का?

शंभराच्या नोटेवर कॅथरीन १८६६ पासूनच आहे, आणि ते योग्यच. रशियात कागदी पैसा आणला तो तिनेच, १७६९ मध्ये. तुर्कस्तानशी युद्ध जुंपले होते, खजिन्यात चांदी पुरेना, आणि व्यवहार चालायचा तांब्याच्या नाण्यांवर. एका पूद तांब्यातून, म्हणजे साधारण १६.४ किलोंतून, १६ रुबलची नाणी पडत. हिशेब करून बघा : शंभर रुबल द्यायचे तर १०२ किलो तांबे. सरकारी वसुली गाडीवर लादून न्यायची वेळ यायची. तेव्हा पीटर्सबर्ग आणि मॉस्कोत दोन बँका उघडून २५, ५०, ७५ आणि १०० रुबलचे कागद काढले. त्यांना ‘अस्सिग्नात्सिया’ म्हणत.

फसवणूक करणारेही लगेच पुढे सरसावले. रशियनमध्ये पंचवीस आणि पंचाहत्तर या दोन्ही शब्दांचा शेवट सारखा, त्यामुळे पंचविसाच्या कागदावर थोडी कलाकुसर केली की पंचाहत्तर. १७७१ मध्ये पंचाहत्तरची नोट बंदच करावी लागली. पुढे युद्धांचा खर्च भागवायला कागद छापत गेले आणि त्याची किंमत घसरत गेली. १८३९ मध्ये सरकारने भाव बांधून दिला तो एका चांदीच्या रुबलला साडेतीन कागदी रुबल असा. १८४३ पासून त्यांच्या जागी आले ते ‘क्रेडिट बिलेट’, म्हणजे पतनोटा, आणि तुमच्या हातातली नोट त्याच घराण्यातली. वरच्या ओळीत लिहिलेलेच आहे : राज्याचे क्रेडिट बिलेट.

नोटेवर काय लिहिले आहे

आमच्या मते खरी गंमत इथे आहे. पुष्कळजण चित्र बघून नोट ठेवून देतात, मजकूर राहून जातो. त्यात लिहिले आहे की रशियाची स्टेट बँक ही नोट रकमेची मर्यादा न ठेवता सोन्याच्या नाण्यात बदलून देईल, आणि एका रुबलमध्ये १७.४२४ दोल्या शुद्ध सोने असते. दोल्या हे रशियाचे जुने वजन, ४४ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे रुबलला ०.७७४ ग्रॅम, आणि शंभर रुबलच्या या कागदामागे ७७ ग्रॅमहून थोडे जास्त सोने. साडेसहा तोळे धरा! हे सांगितले की समोरच्याचे डोळे विस्फारतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो. उत्तर असे : नाही, कोणीही देणार नाही.

पण तेव्हा देत होते. अर्थमंत्री सेर्गेई विट्टे यांनी १८९७ मध्ये रुबल सोन्याला बांधला आणि पुढची सतरा वर्षे कुणीही नोट खिडकीत सरकवून नाणी घेऊन जाऊ शकत होता. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच (तिथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे जुलै अखेर) कायदा करून ही अदलाबदल थांबवली. नोटेवरचा मजकूर मात्र कुणी बदलला नाही. सोने द्यायचे बंद झाल्यावरही ‘सोने देऊ’ असे लिहिलेल्या नोटा छापखान्यातून निघतच राहिल्या. युद्धाआधी सुमारे १६० कोटी रुबलच्या नोटा बाजारात होत्या. १९१७ च्या फेब्रुवारीत झारशाही कोसळली तेव्हा हा आकडा ९०० कोटींच्या पुढे गेलेला होता.

खालच्या ओळींत आणखी एक तंबी आहे : नोटेची नक्कल करणाऱ्याचे सर्व नागरी हक्क काढून घेऊन त्याला सक्तमजुरीवर धाडले जाईल. मजुरीसाठी वापरलेला शब्द ‘कातोर्गा’, म्हणजे त्या काळी बहुधा सैबेरिया.

सही बघा, मगच वर्षाबद्दल बोला

‘१९१० ची नोट आहे’ असे म्हणत लोक येतात. १९१० हे त्या नमुन्याचे वर्ष, छपाईचे नव्हे. छपाईचा काळ कळतो तो बँकेच्या प्रमुखाच्या सहीवरून. कोन्शिन यांची सही असेल तर नोट १९१० ते १९१४ मधली. या सहीतले ‘के’ अक्षर आपल्यालाही ओळखता येते. शिपोव यांची असेल तर १९१४ नंतरची. नोटा जमवणारे वापरतात त्या ‘पिक’ नावाच्या कॅटलॉगमध्ये क्रमांक १३ खाली ए म्हणजे कोन्शिन आणि बी म्हणजे शिपोव.

शिपोव यांची गोष्ट सांगायलाच हवी. ऑक्टोबर क्रांतीनंतर लेनिनच्या बोल्शेविक पक्षाने बँकेकडे पैसे मागितले. यांनी नकार दिला. नोव्हेंबर १९१७ मध्ये त्यांना पदावरून काढून टाकले. पण छपाईचे साचे तसेच होते, आणि नव्या सरकारला नोटा तर हव्याच होत्या. म्हणून झारचा गरुड, सम्राज्ञीचे चित्र आणि हाकललेल्या अधिकाऱ्याची सही असलेल्या नोटा क्रांतिकारी सरकारनेही छापल्या. तुमच्या हातातली शिपोव सहीची नोट झारच्या काळातली असेल किंवा लेनिनच्या.

लोकांना मात्र जुन्या नोटांवरच भरवसा. १९१७ मध्ये झार गेल्यावर आणि बोल्शेविक येण्याआधी जे हंगामी सरकार होते, त्याने २० आणि ४० रुबलचे चिटोरे काढले होते, ‘केरेन्की’ म्हणून. त्यांवर ना सही, ना नंबर. अख्ख्या तावाने द्यायचे, घेणाऱ्याने कात्रीने कापून वापरायचे. त्यांच्या शेजारी कातेन्का म्हणजे खानदानी वाटणारच. ‘पुन्हा झार येईल तेव्हा चालेल’ म्हणून घराघरांत तिच्या गड्ड्या दडवल्या गेल्या. झार आला नाही. १९२२ ते १९२४ मध्ये तीनदा चलन बदलले आणि शेवटी एका नव्या रुबलला ५,००० कोटी जुने रुबल असा हिशेब निघाला. दडवलेल्या गड्ड्या तशाच राहिल्या, आणि म्हणूनच आज ही नोट सहज मिळते. वापरलेली, घड्या पडलेली शिपोव सहीची नोट चौघांच्या हॉटेलातल्या जेवणाच्या पैशांत येते. ‘दुर्मिळ’ म्हणून कुणी दहापट सांगत असेल तर चहा घ्या आणि उठा.

केरेन्कीवरून आठवले. त्याच सरकारच्या २५० रुबलच्या नोटेवर गरुडामागे चक्क स्वस्तिक आहे. आपल्याकडचे ग्राहक ती बघून थबकतातच. नाझींशी तिचा संबंध नाही, नोट १९१७ ची आहे. ती पाहायची असेल तर काउंटरवर सांगा.

खरी कशी ओळखायची

नोट खिडकीपाशी उजेडात धरा. कोऱ्या दिसणाऱ्या भागात कॅथरीनचा चेहरा कागदातच उमटलेला दिसला पाहिजे. वरून छापलेला करडा चेहरा म्हणजे वॉटरमार्क नव्हे. मग भिंग घ्या आणि बारीक नक्षीतली एखादी रेघ पकडून तिच्यामागे जा. रेघ तीच राहते, रंग बदलतो, आणि सांधा कुठे दिसत नाही. ही इव्हान ओर्लोव्ह यांची करामत. १८९० च्या सुमारास पीटर्सबर्गच्या सरकारी छापखान्यात त्यांनी सगळे रंग एकाच साच्यावर आणून एकाच दाबात उमटवायची रीत बसवली. नोटछपाईत ती आजही ओर्लोव्ह यांच्याच नावाने ओळखतात. प्रिंटरवर काढलेल्या नकलेत तीच रेघ भिंगाखाली ठिपक्यांत विस्कटते. यूव्ही टॉर्च असेल तर तीही मारून बघा. त्या काळच्या कागदात चमक आणणारी रसायने नव्हती, त्यामुळे निळसर झगझगीत उजळणारी नोट सरळ बाजूला ठेवा.

गेल्या पावसाळ्यात एका ग्राहकांनी ऑनलाइन घेतलेली ‘कोरी करकरीत’ नोट आणली होती. नोट खरी होती. पण धुऊन इस्त्री केलेली! घडीच्या रेघा डोळ्यांना दिसत नव्हत्या, तिरक्या उजेडात मात्र चारही स्पष्ट. शाईचा उठाव सपाट झालेला. एवढी मोठी नोट कुणाच्याही पाकिटात उलगडून राहिलेली नाही, घड्या असणारच. त्या लपवलेल्या नसाव्यात इतकेच बघा.

सांभाळायची कशी

लॅमिनेट करू नका. फाटली तर सेलोटेप लावू नका. डिंक पिवळा पडतो आणि काढताना छपाई घेऊन येतो. स्वस्तातले मऊ, वास येणारे प्लास्टिक टाळा, मायलरचे (पारदर्शक पॉलिएस्टरचे) मोठे पाकीट वापरा. ते आमच्याकडे मिळते, नाही मिळाले तर आम्ही मागवून देतो. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर सिलिका जेलची पुडी सोबत ठेवावी आणि महिन्यातून एकदा पाकीट उघडून बघावे, कसर लागली असेल तर कडांवरून कळते. नोट भिंतीवर लावायचीच असेल तर उन्हाच्या समोरची भिंत नको.

घरची नोट दाखवायला आणताना वहीत घडी घालून आणू नका. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून, रबर न लावता आणा. बघण्याचे पैसे आम्ही घेत नाही.