शाळा बंद न करणारे वायल्डरसाहेब

नाताळ आला की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत वायल्डर मेमोरियल चर्चचं नाव हमखास येतं. रोषणाई, प्रार्थना, शुभेच्छा सगळं छापून येतं. ज्या अमेरिकन मिशनऱ्याचं नाव त्या इमारतीला दिलंय, त्याच्याबद्दल मात्र सहसा ओळभरही नसते. मला ही गोष्ट लागते, कारण कोल्हापूरसाठी त्याने मोजलेली किंमत फार मोठी होती.

रॉयल गूल्ड वायल्डर यांचा जन्म १८१६ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ब्रिडपोर्टचा. धर्मशिक्षण पूर्ण करून १८४६ मध्ये ते पत्नी एलायझा यांच्यासह निघाले आणि अमेरिकन मराठी मिशनच्या नगरच्या केंद्रात आले. त्या काळचं नगर म्हणजे शाळांचं गाव. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याआधी मिशनच्या शिक्षिका मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, त्या इथेच. वायल्डर यांची घडण या वातावरणात झाली. सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायची तर आधी लिहा-वाचायला शिकवा, यावर त्यांची मनापासून श्रद्धा बसली.

१८५२ मध्ये ते कोल्हापुरात आले. गडांवरच्या शिबंदीने इंग्रजांविरुद्ध केलेल्या गडकऱ्यांच्या बंडाला जेमतेम आठ वर्षं झाली होती आणि रेल्वे यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती. अशा संस्थानात या जोडप्याने शाळा उघडल्या आणि बाजारहाटाच्या गावांतून उपदेश सुरू केला.

दोनच वर्षांत वादाला तोंड फुटलं. मराठी मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले. स्थानिक पाळक (धर्मगुरू) तयार करा, इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांना स्वतःच्या पायावर उभं करा, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण त्याच धोरणात इंग्रजी शाळा बंद करायच्या होत्या आणि ख्रिस्ती नसलेल्या मुलांच्या शाळांवरचा खर्चही आवरायचा होता. वायल्डर अडून बसले. १८५७ मध्ये तब्येत ढासळल्यामुळे त्यांना मायदेशी जावं लागलं, तिथे वाद आणखी चिघळला आणि बोर्डाने त्यांच्याशी संबंध तोडले. आपली बाजू त्यांनी १८६१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली.

पाठीशी संस्था नाही, पगार नाही. तरीही त्याच वर्षी ते कोल्हापुरात परतले आणि पुढे जवळपास दहा वर्षं त्यांनी हे मिशन स्वतंत्रपणे, देणग्यांवर चालवलं. माझ्या दृष्टीने त्यांची श्रद्धा कळते ती इथे. व्यासपीठावरची भाषणं त्यापुढे दुय्यम. १८७० मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशन बोर्डाने हे काम आपल्याकडे घेतलं आणि १८७५ मध्ये थकलेले वायल्डर अमेरिकेला गेले. तीन हजारांवर गावं-शहरांत उपदेश आणि शाळांत ३,३०० मुलं, त्यांपैकी ३०० मुली, असा त्यांच्या कामाचा हिशेब नोंदलेला आहे. आजच्या नजरेला तीनशे हा आकडा लहान वाटेल. शाहू महाराजांचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१७ चा, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

गोष्ट इथे संपत नाही. मुलगी ग्रेस १८६१ ची. मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन या कॉलेजच्या गावी वायल्डर यांच्या घरी रविवारी दुपारी कॉलेजची पोरं जमत. पुढच्या खोलीत रॉबर्ट त्यांच्याशी परदेशी सेवेविषयी, म्हणजे परदेशी जाऊन मिशनरी काम करण्याविषयी, बोलत असे आणि शेजारच्या खोलीत ग्रेस एकटी प्रार्थना करत बसे. रात्री दोघं भावंडं मिळून प्रार्थना करत. मागणं एकच: परदेशी जायला तयार असणारे हजार तरुण मिळू देत. १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे २५१ विद्यार्थी जमले होते, त्यांतल्या शंभरांनी परदेशी सेवेची तयारी दाखवली. त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळ उभी राहिली. हाच निरोप घेऊन रॉबर्टला कॉलेजाकॉलेजांतून फिरायचं होतं, पण वडील खंगले होते. पाय घरातून निघेना. वडिलांनीच येशूचं वचन आठवून दिलं, मेलेल्यांना आपले मेलेले पुरू दे, तू जाऊन देवाच्या राज्याची घोषणा कर, आणि त्याला पाठवलं.

ऑक्टोबर १८८७ मध्ये वायल्डर न्यूयॉर्कमध्ये वारले. त्यानंतर एलायझाबाईंनी उतारवयात पुन्हा सामान बांधलं आणि ग्रेसला घेऊन त्या कोल्हापूरला परत आल्या.