स्टारबक्स शुल्ट्झनं काढलेलंच नाही

कोरेगाव पार्कातली कॉफीची रांग असो की कर्वे रस्त्यावरचं अमृततुल्य, स्टार्टअपच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य ठरलेलं: 'हॉवर्ड शुल्ट्झनं स्टारबक्स शून्यातून काढलं.' एमबीएच्या पोरांच्या प्रेझेंटेशनमध्येही हेच. साफ चूक.

स्टारबक्स १९७१ मध्ये सिअ‍ॅटलला सुरू झालं. काढलं जेरी बाल्डविन, झेव्ह सीगल आणि गॉर्डन बाउकर या तिघांनी. तिथं मुख्य धंदा भाजलेल्या बियांचा. आपल्याकडं कॉफी पावडर दळून देणारं दुकान असतं, साधारण तसला. शुल्ट्झ आला १९८२ मध्ये, तोही पगारी नोकर म्हणून! पुढच्या वर्षी मिलानला गेला आणि तिथले एस्प्रेसो बार पाहून भारावला. मालकांना मात्र कपातली कॉफी विकण्यात फारसा रस नव्हता. मग यानं बाहेर पडून 'इल जोर्नाले' ही स्वतःची कंपनी काढली. १९८७ मध्ये मूळ मालकांनी स्टारबक्स विकायला काढलं, तेव्हा गुंतवणूकदार गाठून सुमारे ३८ लाख डॉलरला ते घेतलं आणि आपल्या दुकानांनाही तेच नाव लावलं. गंमत म्हणजे बाल्डविननं स्वतःकडं ठेवलं ते 'पीट्स', म्हणजे ती दुसरी कॉफी कंपनी, जिच्या संस्थापकाकडून हे तिघं कॉफी भाजायला शिकले होते.

साखळी जगभर नेली ती शुल्ट्झनं, ते श्रेय त्याचंच. आणि हो, भारतातल्या दुकानांत निम्मा वाटा टाटांचा: २०१२ मध्ये मुंबईत सुरुवात, २०१३ मध्ये पुण्यात.