मुलांचा दमा, फुंकरीची चाचणी आणि ‘नियंत्रण’ हा शब्द

फुप्फुसांची हवा मोजणारे स्पायरोमीटर १८४६ पासून आहे आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे मोजमाप १९४७ पासून. तरीही लहान मुलांच्या दम्याच्या पाठपुराव्यात या चाचणीला नियमित जागा मिळायला बराच काळ जावा लागला. १९५९ मध्ये वर्णन झालेला पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा सर्वाधिक वेग मोजणारे उपकरण, पुढे हातात मावण्याइतका लहान झाला आणि घरोघरी सकाळ-संध्याकाळ फुंकरीचे आकडे वहीत उतरवले जाऊ लागले. मीटरमध्ये वहीच्या नकळत नोंद ठेवणारी इलेक्ट्रॉनिक सोय आल्यावर मात्र असे दिसले की वहीतल्या बऱ्याच आकड्यांमागे फुंकर मारलेलीच नव्हती.

खरा गुंता ‘नियंत्रण’ या शब्दाचा आहे. आधी दम्याची प्रतवारी तीव्रतेवर होत असे. पण रोज औषध घेणाऱ्या मुलाची तीव्रता ठरवायची कशी, याला नीट उत्तर नव्हते. म्हणून २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी नियंत्रणाचा तक्ता पुढे केला. त्यात दिवसाची लक्षणे, रात्रीची जाग, खेळण्यावरची बंधने आणि तात्काळ आराम देणाऱ्या पंपाचा वापर यांच्याच पंगतीला फुप्फुसांची क्षमता बसवलेली होती: अपेक्षित (वय-उंची पाहता यायला हवा अशा) किंवा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली मूल गेले, की दमा ‘पूर्ण नियंत्रणात’ म्हणता येत नसे. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील सूचनांनी ५ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी पहिल्या सेकंदातील हवा आणि एकूण जोरकस फुंकरीतील हवा यांच्या गुणोत्तराचीही सीमा घातली: ८० टक्क्यांच्या वर चांगले नियंत्रण, ७५ च्या खाली अत्यंत कमी. मोठ्यांसाठी सर्रास वापरली जाणारी ७० टक्क्यांची रेषा मुलांना लावली, तर अडथळा असलेली कित्येक मुले निसटतात, कारण त्यांचे गुणोत्तर मुळातच वरचे असते.

२०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय सूचनांनी फुप्फुसांची क्षमता लक्षण-नियंत्रणाच्या तक्त्यातून काढली आणि भविष्यातील धोक्याच्या सदरात ठेवली. यावर आजही वाद होतो. बदलामागचे कारण साधे होते: आकडा आणि लक्षणे यांचे मुलांमध्ये फारसे जुळत नाही. आठवड्यातून तीन रात्री खोकत उठणाऱ्या मुलाचा पहिल्या सेकंदाचा आकडा ९५ टक्के येऊ शकतो. उलट धापेची सवय झालेले, ‘काही त्रास नाही’ म्हणणारे मूल ६० च्या खाली सापडते, आणि तेवढ्या खालच्या आकड्याने पुढच्या झटक्याचा धोका वाढतो. दोन्ही एकाच बेरजेत घातले, तर एक दुसऱ्याला झाकते. हा तर्क पटण्यासारखा आहे. परिणाम मात्र वेगळा झाला: ‘तक्त्यातून काढली’ याचा अर्थ अनेकांनी ‘करायची गरज नाही’ असा लावला आणि प्रश्नावलीवर काम भागू लागले. ४ ते ११ वर्षांसाठीच्या प्रचलित प्रश्नावलीत सातपैकी तीन प्रश्न पालकांना असतात, आणि रात्री दुसऱ्या खोलीत झोपणाऱ्या पालकाने खोकला ऐकलेलाच नसतो.

चाचणीची बाजूही निर्मळ नव्हती. नाकाला चिमटा लावलेले सहा वर्षांचे मूल पडद्यावरच्या मेणबत्त्या विझवण्याच्या नादात पहिला झोत जोरात देते आणि अर्ध्या सेकंदात थांबते. तो आलेख मोठ्यांच्या निकषांवर नापास होतो. २००७ मध्ये शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांसाठी वेगळे तांत्रिक निकष आले आणि एका सेकंदाऐवजी अर्ध्या किंवा पाऊण सेकंदाची हवा वाचण्याला मान्यता मिळाली. २०१२ मध्ये ३ ते ९५ वर्षांची सलग संदर्भ-समीकरणे, म्हणजे अपेक्षित आकडा काढायची सूत्रे, उपलब्ध झाली, तेव्हा कुठे ‘अपेक्षित’ आकडा बालपणातून तारुण्यात जाताना उडी मारेनासा झाला.

आता ऑसिलोमेट्रीकडे लक्ष वळले आहे. त्यात मुलाने फक्त शांत श्वास घ्यायचा असतो, यंत्र हवेची बारीक कंपने पाठवून वायुमार्गाचा विरोध मोजते. त्यामुळे तीन-चार वर्षांचे मूलही साथ देते. मात्र नियंत्रण कुठे सुटले, हे सांगणारी सर्वमान्य सीमा या आकड्यांना अजून मिळालेली नाही.