कलोपचारकाचे चिकित्सालयीन प्रशिक्षण

चित्र, माती, कोलाज यांसारख्या दृश्यमाध्यमांतून मानसोपचार करणाऱ्या कलोपचारकाला (आर्ट थेरपिस्टला) पदव्युत्तर अभ्यासक्रमात आणि त्यानंतर रुग्णालय, शाळा, पुनर्वसन केंद्र, तुरुंग अशा ठिकाणी अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखाली मिळणारे प्रत्यक्ष कामाचे शिक्षण. संगीत, नाट्य आणि नृत्य यांवर आधारलेल्या उपचारांची प्रशिक्षणे वेगळी असून त्यांचा विचार येथे केलेला नाही. या शिक्षणाची घडण प्रामुख्याने ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे झाली.

उगम : ‘आर्ट थेरपी’ ही संज्ञा ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल याने १९४२ मध्ये वापरात आणली, असे सामान्यतः मानतात. क्षयरोगामुळे तो ससेक्समधील मिडहर्स्टच्या आरोग्यधामात दाखल होता. तेथे अंथरुणावर पडल्या पडल्या तो चित्रे काढू लागला आणि पुढे सहरुग्णांनाही त्याने या कामात ओढले. मात्र हिलने उपचारक घडवले असे म्हणता येत नाही. त्याचा भर रुग्णाचे मन रमवण्यावर आणि उभारी देण्यावर होता.

मनोरुग्णालयात पूर्णवेळ काम करणारा पहिला चित्रकार म्हणून एडवर्ड अॅडमसनचे नाव घेतात. सरे परगण्यातील नेदर्न रुग्णालयात तो १९४६ पासून काम करू लागला. तेथील स्टुडिओ सुरुवातीला संशोधनासाठी उभारलेला होता : सर्व रुग्णांना एकाच आकाराचा कागद, तेच रंग, आणि चित्रकाराने काही सुचवायचे नाही, शिकवायचे नाही, अर्थही लावायचा नाही. प्रयोगाच्या सोयीसाठी घातलेले हे बंधन पुढे ब्रिटिश कलोपचारात एक तत्त्व म्हणूनच रुजले, आणि आजही विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांत ‘हात आवरायला’ शिकवतात त्याचे मूळ काही अंशी येथे असावे.

अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग (१८९०–१९८३) आणि ईडिथ क्रेमर (१९१६–२०१४) या दोघींपासून परंपरा मोजतात. नॉमबर्गने १९१४ मध्ये न्यूयॉर्कला वॉल्डन स्कूल ही शाळा काढली आणि १९४० च्या दशकात न्यूयॉर्क राज्य मनोचिकित्सा संस्थेत मुलांबरोबर काम केले. तिच्या मते उत्स्फूर्त चित्र ही अबोध मनाची प्रतीकभाषा आहे. रुग्णाने त्या चित्राविषयी मुक्त साहचर्याने (मनात येईल ते न गाळता) बोलावे आणि उपचार त्या बोलण्यातून घडावा. व्हिएन्नाहून १९३८ मध्ये न्यूयॉर्कला आलेली क्रेमर विल्टविक येथील मुलांच्या शाळेत शिकवत असे. तिच्या लेखी चित्र घडवण्याची क्रियाच औषध होती : आक्रमक किंवा असह्य प्रेरणेचे उदात्तीकरण (स्वीकारार्ह रूपात रूपांतर) होऊन ती आकृतीत बांधली जाते. रुग्णाच्या कामात स्वतःची शैली न घुसवता त्याला तांत्रिक मदत करण्याच्या कौशल्याला तिने ‘तिसरा हात’ म्हटले.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने दोघींमधील या मतभेदाला महत्त्व आहे. नॉमबर्गची वाट धरली तर विद्यार्थी आधी मानसोपचारक हवा; क्रेमरची धरली तर तो आधी मुरलेला कलाकार हवा. पाठ्यपुस्तके हे अंतर वाजवीपेक्षा रुंद करून दाखवतात. अमेरिकन कलोपचारक एलिनॉर उल्मनने या दोन्हींना एकाच पट्ट्याची दोन टोके मानले. प्रत्यक्ष वॉर्डात एकाच तासात उपचारक दोन्हीकडे सरकत असतो, हे पाहता उल्मनचे मत अधिक ग्राह्य वाटते.

पहिला अभ्यासक्रम कोणता याविषयी एकमत नाही. नॉमबर्गची व्याख्याने १९५० च्या दशकात न्यूयॉर्क विद्यापीठात सुरू झाली होती, पण तो स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम नव्हता. त्याच दशकाच्या अखेरीस लुईव्हिल विद्यापीठात असा एक प्रयत्न झाल्याचे उल्लेख मिळतात. तो फार काळ टिकला नाही. म्हणून रुग्णालयाशी जोडलेला आणि अखंड चाललेला पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम हा निकष लावला, तर फिलाडेल्फियातील हानेमन वैद्यकीय महाविद्यालयाचा अभ्यासक्रम (१९६७, आता ड्रेक्सेल विद्यापीठ) पहिला ठरतो. चित्रकार मायरा लेविक आणि मनोविकारतज्ज्ञ मॉरिस गोल्डमन यांच्याकडे त्याचे श्रेय जाते. ब्रिटनमध्ये १९७० च्या सुमारास सेंट ऑल्बन्सच्या कला विद्यालयात आणि त्याच दशकात लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात प्रशिक्षण सुरू झाले. व्यावसायिक संघटना ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये व अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झाली.

विद्यार्थ्यांची पूर्वपीठिका : प्रवेशासाठी चित्रांचा संच (पोर्टफोलिओ), मुलाखत आणि लोकांबरोबर केलेल्या कामाचा काही अनुभव पाहतात. अमेरिकन संघटनेच्या निकषांत दीर्घकाळ स्टुडिओ-कलेचे १८ आणि मानसशास्त्राचे १२ सेमिस्टर-क्रेडिट अशी अट होती; मानसशास्त्रात विकासात्मक व अपसामान्य हे दोन विषय टाळता येत नसत. त्यामुळे ललितकला पदवीधराला मानसशास्त्राचे आणि मानसशास्त्राच्या पदवीधराला स्टुडिओचे तास आधी पुरे करावे लागतात.

पूर्वपीठिकेनुसार चुकाही ठरलेल्या असतात. कलाशाळेतून आलेला विद्यार्थी चित्राच्या गुणवत्तेत गुंततो : रचना बिघडली की त्याचा हात शिवशिवतो, आणि एखादे चित्र ‘चांगले’ म्हटले गेले की रुग्ण पुढच्या वेळी विद्यार्थ्याला आवडेल तेच काढतो. मानसशास्त्राकडून आलेला काळ्या रंगाला नैराश्य आणि झाडावरच्या ढोलीला आघात असे शब्दकोशासारखे अर्थ चिकटवतो. प्रत्यक्षात रुग्णाने काळा घेतला कारण डब्यातला निळा संपला होता, असेही असते. शिक्षक दुरुस्त्या करतो, परिचारक रुग्णासाठी काम उरकून टाकतो, समाजकार्यातून आलेला चित्राआधी घरची परिस्थिती विचारत बसतो. यांपैकी परिचर्येतून आलेल्यांना वॉर्डाची शिस्त, नोंदी आणि संकटप्रसंग आधीच ठाऊक असतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू अनेकदा दुर्लक्षित राहते.

तास आणि त्यांची मोजणी : अमेरिकेतील अधिस्वीकृतीच्या निकषांनुसार पदव्युत्तर पदवी किमान ६० सेमिस्टर-क्रेडिटची असते व तीत ७०० तासांचे देखरेखीखालील काम येते. त्यांपैकी किमान ३५० तास रुग्णाशी थेट संपर्काचे हवेत. वैयक्तिक, गट किंवा कुटुंबासह घेतलेले सत्र थेट संपर्कात धरतात. साहित्य लावणे, नोंदी लिहिणे, पथकाच्या बैठका आणि पर्यवेक्षण उरलेल्या तासांत जातात. गटात सहा जण असले तरी एका तासाच्या सत्राचा एकच तास होतो. नवख्यांच्या नोंदवहीत येथे हमखास घोळ होतो. दुसरी अडचण वेळापत्रकाची. अल्पमुदतीच्या वॉर्डात रुग्ण काही दिवसांतच घरी जातात, सत्रे रद्द होतात आणि थेट संपर्काचे तास मागे पडतात; म्हणून एक जागा तीव्र आजाराच्या वॉर्डात आणि दुसरी शाळेत किंवा दिवसभराच्या केंद्रात, अशी जोडी लावणे शहाणपणाचे ठरते.

पदवीनंतर ‘नोंदणीकृत कलोपचारक’ (एटीआर) म्हणून नोंदणीसाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या पदवीधराला साधारणतः १,००० तास थेट संपर्क आणि १०० तास पर्यवेक्षण दाखवावे लागते; त्यानंतर कलोपचारकांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची लेखी परीक्षा. हे नियम अधूनमधून बदलतात. राज्यांचे परवाने वेगळेच : न्यूयॉर्कमध्ये ‘सर्जनशील कलोपचारक’ हा परवाना आहे, तर अनेक राज्यांत स्वतंत्र परवाना नसल्याने पदवीधर समुपदेशकाचा परवाना काढतात. पर्यवेक्षक ज्या परवान्याचा, त्याच परवान्यासाठी तास ग्राह्य धरले जाण्याची शक्यता अधिक, हे उशिरा कळल्याने वर्षभराचे काम मोजणीबाहेर राहू शकते. पहिल्या दिवसाआधी राज्याच्या परवाना-मंडळाचे नियम पर्यवेक्षकाच्या परवान्याशी ताडून पाहणे हाच त्यावरचा उपाय.

ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ व ‘आर्ट सायकोथेरपिस्ट’ ही नावे कायद्याने संरक्षित आहेत. राज्यनोंदणी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, आता आरोग्य व निगा व्यवसाय परिषदेकडे. अभ्यासक्रम पूर्णवेळ दोन किंवा अंशवेळ तीन वर्षांचा. विद्यार्थ्याने स्वतः मानसोपचार घेत राहणे हा ब्रिटिश पद्धतीचा विशेष. त्याचा खर्च बहुधा विद्यार्थ्यालाच सोसावा लागतो आणि कोण प्रवेश घेऊ शकतो हे त्यावरून बरेचसे ठरते. राष्ट्रीय आरोग्य सेवेत नव्या पदवीधराची सुरुवात सहसा सहाव्या वेतनश्रेणीत होते.

सत्र : वैयक्तिक सत्र बहुधा ४५ ते ६० मिनिटांचे असते. सुरुवातीची पाच-दहा मिनिटे स्थिरावण्यात जातात, मग काम, शेवटी चित्र थोडे लांब ठेवून दोघांनी ते पाहणे, आणि आवरणे. विद्यार्थी पाहण्यासाठी वेळ राखत नाही ही सर्वांत सामान्य त्रुटी. ओले चित्र घाईने उचलले जाते आणि रुग्ण उघडा पडल्यासारखा बाहेर जातो. शेवटची १५ मिनिटे त्यासाठी बाजूला ठेवावीत.

माध्यम निवडताना कागिन व लुसब्रिंक यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या अभिव्यक्ती-पट्ट्याचा (एक्स्प्रेसिव्ह थेरपीज कंटिन्यूअम) आधार घेतात. शिसपेन्सिल, रंगीत पेन्सिल, कोलाज ही आवरती (सहज ताब्यात राहणारी) माध्यमे. जलरंग, बोटांनी लावायचे रंग, पातळ माती ही वाहती. उन्मादाच्या अवस्थेतील रुग्णापुढे मोठा कागद आणि पातळ रंग ठेवले तर उद्दीपन वाढते. त्याला लहान, कडा आखलेला कागद आणि पेन्सिल द्यावी. खिन्न रुग्णाला मोठा कोरा कागद घाबरवतो. सक्तीच्या विचारांनी जखडलेल्याला ऑइल पेस्टलवरून जलरंगाकडे हळूहळू न्यावे.

तीव्र आजाराच्या वॉर्डात काच, तार, द्रावके वर्ज्य. कात्र्या सत्राच्या आधी व नंतर मोजतात, पण खरा धोका शार्पनरच्या पात्याचा असतो; पेन्सिली आधीच टोकदार करून न्याव्यात. वाळलेली माती झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्या धुळीत सिलिका असते. पेस्टलवरचा फवारा बंद खोलीत मारू नये. चित्राच्या मागे तारीख, क्रमांक आणि कोणती बाजू वर हे लगेच लिहावे. चार महिन्यांनी अमूर्त चित्र उलटे की सुलटे हे कोणालाही सांगता येत नाही. चित्र कुलूपबंद ठेवणे, छायाचित्रासाठी आणि प्रदर्शनासाठी वेगवेगळी लेखी संमती घेणे हे विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. वर्गात मांडणी करताना नाव झाकले तरी चित्राची शैलीच ओळख पटवते, ही अडचण पूर्णपणे सुटलेली नाही.

मूल्यमापन-साधने : निदान-चित्रमालेत (डायग्नोस्टिक ड्रॉइंग सिरीज) १८×२४ इंची कागदावर खडू-पेस्टलने तीन चित्रे एकाच बैठकीत काढतात : मुक्त चित्र, झाड, आणि रेषा-आकार-रंगांतून सध्याची भावना, प्रत्येकास जास्तीत जास्त १५ मिनिटे. ‘झाडावरून सफरचंद तोडणारी व्यक्ती’ या साधनासाठी १२×१८ इंची पांढरा कागद आणि १२ रंगांचे मार्कर ठरलेले आहेत. त्याचे गुणांकन गँट व टाबोन यांच्या १४ मोजपट्ट्यांवर (प्रत्येकी ० ते ५) होते. या मोजपट्ट्या रंगाचा वापर, जागेचा वापर, सलगता अशा घडणीवर बेतलेल्या आहेत, प्रतीकांवर नव्हे. विद्यार्थी हाताशी असलेला ए-४ कागद देतो आणि मग जागेच्या वापराचे गुण निरर्थक होतात. कोकणातल्या मुलाला सफरचंदाऐवजी आंबा सांगणे स्वाभाविक वाटेल. त्यातून संवाद चांगला होईल, पण मूळ प्रमाणकांशी तुलना करता येणार नाही, हे अहवालात नोंदवावे लागते.

पर्यवेक्षण आणि ‘क्लिनिफिकेशन’चा वाद : पर्यवेक्षणाला विद्यार्थी चित्रे घेऊनच येतो. बरेच पर्यवेक्षक त्याला सत्रानंतर स्वतः प्रतिसाद-चित्र काढायला लावतात. रुग्णाबद्दलचा राग, कीव किंवा वाचवण्याची ओढ शब्दांआधी तेथे दिसते. अमेरिकन कलोपचारक पॅट अॅलन हिने १९९२ मध्ये असा आक्षेप घेतला, की चिकित्सालयीन कौशल्यांवर भर देता देता कलोपचारक स्वतःची कला सोडून देतात आणि अखेरीस त्यांच्यात व इतर समुपदेशकांत फरक उरत नाही. तिने यासाठी ‘क्लिनिफिकेशन’ हा शब्द योजला. आक्षेप अतिशयोक्त आहे असे काहींचे मत. तरी तासांच्या मोजणीत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या चित्रकामाला स्थान नाही, हे निकष वाचताना लक्षात येते. दुसऱ्या बाजूने पुराव्याचा दबाव आहे. ब्रिटनमधील मॅटिस चाचणीत (२०१२) छिन्नमनस्कतेच्या ४१७ रुग्णांमध्ये गट-कलोपचाराचा अपेक्षित लाभ आढळला नाही. गटांना उपस्थितीही कमी होती. रुग्णाला गटात आणण्यापूर्वी त्याच्याशी एकेकट्याने दोन-तीनदा भेटून तयारी करण्याची गरज त्यावरून पुढे येते.

भारत व महाराष्ट्र : भारतात ब्रिटनसारखे संरक्षित पदनाम नाही. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ च्या अनुसूचीत कला व नृत्य उपचारकांचा उल्लेख हालचाल-उपचारकांबरोबर एकाच शीर्षकाखाली येतो. महाराष्ट्रातून परदेशी प्रवेश घेऊ पाहणाऱ्या बी.एफ.ए. किंवा जी.डी. आर्ट पदविकाधारकाचे स्टुडिओचे तास सहसा भरपूर असतात आणि अडते ते मानसशास्त्रावर. त्यातही पदविका पदवीसमकक्ष धरली जाईल की नाही हे आधी लेखी विचारून घ्यावे. मराठी प्रौढ रुग्णांबरोबर काम करताना आणखी एक गोष्ट समोर येते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांमुळे चित्र म्हणजे श्रेणी मिळण्याची गोष्ट, अशी समजूत पक्की असते. ‘मला चित्रकला येत नाही’ या वाक्याने पहिले सत्र अडते. अशा वेळी पेन्सिल-कागद न ठेवता मासिकांतील कात्रणे किंवा माती पुढे करावी. रांगोळीची ठिपक्यांची जाळी हीदेखील आवरती, ओळखीची आणि परीक्षेशी संबंध नसलेली सुरुवात ठरते.