गळाला लागणारा बास आणि न लागणारा बास

लार्जमाउथ बास भक्ष्याचा चावा घेत नाही. तो ते पाण्यासकट आत ओढून घेतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील तळी, दलदली आणि संथ नद्या हे त्याचे मूळ घर. पाणवनस्पतींच्या कडेला किंवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला तो जवळजवळ निश्चल थांबलेला असतो. एखादा लहान मासा टप्प्यात आला, की जबडा फाकवून तो तोंडाची पोकळी इतक्या झपाट्याने फुगवतो की आतला दाब एकदम उतरतो आणि समोरचे पाणी भक्ष्यासह आत शिरते. हा सारा प्रकार सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत आटोपतो. इतकी शक्ती डोक्यातल्या लहानशा स्नायूंतून येणे शक्य नाही, ही शंका अभ्यासकांना होतीच. ब्राउन विद्यापीठातील एरियल कॅम्प, थॉमस रॉबर्ट्स आणि एलिझाबेथ ब्रेनर्ड यांनी क्ष-किरणांच्या अतिवेगवान चित्रणाच्या आधारे २०१५ मध्ये दाखवून दिले, की या ओढीची ९५ टक्क्यांहून अधिक शक्ती पोहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या धडाच्या स्नायूंतून येते. थोडक्यात, बास खातो तेव्हा अख्खे शरीर कामाला लावून खातो.

आपल्याकडे हॉटेलात ‘सी बास’ या नावाने ताटात येतो तो बहुधा रायगडचा जिताडा, म्हणजेच गोव्याचा चोणक. त्याचे आणि या बासचे कूळ एक नाही. अमेरिकेतला हा बास सनफिश कुळातला, गोड्या पाण्यातला मासा आहे, आणि तिथे त्याच्याभोवती रॉड, रीळ, बोटी, ध्वनीच्या साहाय्याने पाण्यातले मासे दाखवणारे सोनार आणि लाखो डॉलरची बक्षिसे असा मोठा व्यवसाय उभा राहिला आहे.

गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने या खाण्याच्या पद्धतीचा एक अडचणीचा परिणाम असा, की जे क्षणात आत जाते ते क्षणात बाहेरही फेकले जाते. आमिष म्हणून लावलेला प्लास्टिकचा किडा खाण्याजोगा नाही हे कळताच बास तो थुंकून टाकतो, आणि बोटीवरच्या माणसाला पुष्कळदा त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे बास पकडण्याच्या तंत्रातले बहुतेक निर्णय दोनच प्रश्नांभोवती फिरतात: माशाने तोंड उघडावे यासाठी काय करायचे, आणि ते उघडल्याचे हाताला वेळेवर कसे कळावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानदार रंगांत देतो. अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या दुकानात कृत्रिम आमिषांची अख्खी भिंत शेकडो रंगछटांनी भरलेली असते. बासच्या डोळ्यात मात्र रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या आहेत. एक हिरव्या प्रकाशाला आणि दुसरी लाल प्रकाशाला अधिक प्रतिसाद देणारी. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी बासना ठरावीक रंगाच्या लक्ष्यावर झेप घेतली की खाऊ मिळतो असे शिकवले आणि मग शेजारी दुसरे रंग ठेवून त्यांची परीक्षा घेतली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात असे आढळले, की लाल आणि हिरवा हे रंग मासे अचूक निवडतात. पण झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्यांची गफलत होते, तशीच काळा आणि निळा यांतही होते. त्यात पाण्याची भर पडते. स्वच्छ पाण्यात लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून पुरेशा खोलीवर लाल आमिष करडे किंवा काळे दिसू लागते. तेव्हा उठून दिसेल असे काहीतरी गढूळ पाण्यासाठी आणि भोवतालात मिसळेल असे काहीतरी स्वच्छ पाण्यासाठी, एवढा विचार पुरेसा आहे. त्या भिंतीवरचे उरलेले रंग माशाला नव्हे, गिऱ्हाइकाला गळाला लावण्यासाठी टांगलेले असतात असे माझे मत आहे.

रंगाहून हालचाल महत्त्वाची. बासच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत संवेदनशील पेशींची एक रेषा जाते आणि जवळपासच्या पाण्यातली हलकीशी ढवळही ती टिपते. गढूळ पाण्यात किंवा रात्री डोळे निकामी ठरतात तेव्हा ही पार्श्वरेषा उपयोगी पडते. स्पिनरबेट नावाच्या आमिषावरची फिरती पाती किंवा क्रँकबेट या माशासारख्या आमिषाच्या तोंडाशी असलेली प्लास्टिकची जीभ याच इंद्रियासाठी असते. ती जीभ पाण्याचा रोध घेऊन आमिष खाली बुडवते आणि डावी-उजवीकडे थरथरवते. जीभ जितकी लांब आणि आडवी, तितके आमिष खोल जाते. याच्या उलट टोकाला आहे तो मऊ प्लास्टिकचा किडा. अमेरिकेतील ओहायो राज्यात निक क्रीम यांनी १९४९ मध्ये तो बाजारात आणला आणि आजही बास पकडणारा कोणीही त्याच्यावाचून घराबाहेर पडत नाही. टेक्सास रिग या जोडणीत तंगूसवर गोळीच्या आकाराचे वजन ओवतात, गळ किड्याच्या डोक्यातून घालून बाहेर काढतात आणि त्याचे टोक पुन्हा किड्याच्याच अंगात लपवतात. टोक झाकलेले असल्याने दाट शेवाळातून आणि फांद्यांतून ओढूनही ते अडकत नाही. बास जिथे बसतो तिथेच आमिष नेता येते, हे या जोडणीचे खरे बळ.

आमिष किती वेगाने ओढायचे हे मात्र थर्मामीटर ठरवतो. मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते आणि भक्ष्यामागे धावण्याची गरजही कमी होते; हिवाळ्यात आमिष तळाशी जवळजवळ पडून राहू द्यावे लागते. भर उन्हाळ्यात खोल तळ्यांत पाण्याचे थर पडतात, वरचा उबदार आणि खालचा गार, आणि खालच्या थरातला प्राणवायू पुष्कळदा संपत जातो. अशा वेळी तळाला गळ सोडून बसणे म्हणजे रिकाम्या घराचे दार ठोठावणे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तंगूस आणि रॉड यांत आहे, आणि नवख्याने पैसे खर्चायचे असतील तर ते इथे खर्चावेत. नायलॉनचे तंगूस ताणले जाते. फ्लुओरोकार्बन या दुसऱ्या प्लास्टिकचे तंगूस पाण्याहून बरेच जड असल्याने बुडते. शिवाय त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचे माप) सुमारे १.४२, म्हणजे नायलॉनच्या मानाने पाण्याच्या १.३३ ला जवळचा असल्यामुळे ते पाण्यात कमी दिसते. पॉलिइथिलीनच्या धाग्यांची वेणीसारखी विणलेली दोरी पाण्यावर तरंगते आणि जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे दूरवरचा बारीकसा टोचाही थेट हाताला कळतो. या गुणांवरून निवड आपोआप ठरते. पृष्ठभागावर चालवायच्या आमिषाला फ्लुओरोकार्बन लावले तर ते त्याचे नाक खाली ओढते. क्रँकबेटला तीन टोकांचे बारीक गळ असतात. तिथे ताठ रॉड आणि न ताणणारी दोरी वापरली तर झटक्यासरशी ते माशाच्या तोंडातून निसटतात, म्हणून लवचीक रॉड बरा. किड्याच्या अंगात दडवलेला जाड गळ जबड्यात रुतवायचा तर मात्र ताठच रॉड हवा.

रिळांमध्ये बेटकास्टिंग रीळ शिकायला अवघड, कारण त्यात आडवे बसवलेले चक्र फेकीबरोबर स्वतः फिरते. आमिष हातातून सुटते तेव्हा त्याचा वेग सर्वाधिक असतो. पुढे हवेच्या रोधाने ते मंदावते, पण जडत्वामुळे चक्राचा वेग तितक्या लवकर उतरत नाही. मग लागते त्याहून अधिक तंगूस सुटते, ते रिळातच फुगते आणि पुढच्या वेढ्यांखाली सापडून असा गुंता होतो की कधी कधी कात्रीच चालवावी लागते. यावर दोन तऱ्हेचे ब्रेक असतात. एकात चक्राबरोबर फिरणारे छोटे ठोकळे बाहेर फेकले जाऊन कडेला घासतात. दुसऱ्यात धातूच्या चक्राजवळ चुंबके ठेवलेली असतात आणि चक्र जितके जोरात फिरेल तितके त्यात निर्माण होणारे भोवरी प्रवाह त्याला मागे खेचतात. दोन्ही असले तरी आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी चक्रावर अंगठा टेकवावाच लागतो. स्पिनिंग रिळात चक्र स्थिर असते आणि तंगूस त्याच्या काठावरून सुटत जाते, म्हणून हलक्या आमिषांसाठी आणि नवशिक्यांसाठी तेच योग्य.

या छंदाची स्पर्धा झाली ती रे स्कॉट या विमा विक्रेत्यामुळे. जून १९६७ मध्ये आर्कन्सा राज्यातील बीव्हर तलावावर त्याने १०६ जणांना प्रत्येकी १०० डॉलर प्रवेश शुल्क घेऊन उतरवले, आणि पुढच्याच वर्षी बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटीची स्थापना केली. १९७१ मध्ये लेक मीड या तलावावर या संस्थेची पहिली बासमास्टर क्लासिक ही अजिंक्यपद स्पर्धा भरली. ती बॉबी मरे यांनी जिंकली आणि बक्षीस होते १०,००० डॉलर. बहुतेक स्पर्धांत आज हिशेब असा आहे: दिवसभरात कितीही मासे पकडा, वजनाला येतात ते सर्वांत जड पाच. नव्याने येणाऱ्याला यासाठी बोट विकत घ्यावी लागत नाही. अनेक स्पर्धांत दुसऱ्याच्या बोटीच्या मागच्या भागातून गळ टाकणारा सहस्पर्धक असतो. त्याचे शुल्क कमी असते आणि पुढे बसलेला अनुभवी माणूस काय करतो ते दिवसभर पाहायला मिळते, जी शिकवणी एरवी पैसे देऊनही मिळायची नाही. स्थानिक क्लबांतून राज्यपातळीवर आणि तिथून पुढे जाण्याचा मार्ग ठरलेला आहे. इलिनॉय राज्याने तर २००९ पासून बास मासेमारीला शालेय क्रीडास्पर्धांत स्थान दिले. परदेशी माणसालाही हे दार बंद नाही. २००४ ची क्लासिक जपानच्या ताकाहिरो ओमोरी यांनी जिंकली.

जपानचा या माशाशी असलेला संबंध मात्र विचित्र आहे. बास तिथे १९२५ मध्ये बाहेरून आणला गेला आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठला. बिवा सरोवरात पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायलाच बंदी आहे. त्याच सरोवरात २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांना सुमारे १०.१२ किलोचा बास मिळाला. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये पकडलेल्या माशापेक्षा तो २७ ग्रॅमच्या आसपास जड होता. पण जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, अधिक लागतात असा नियम असल्याने दोघांची नावे आज बरोबरीने लावली जातात.

अमेरिकेत मात्र मासा जिवंत सोडणे हाच स्पर्धेचा पाया आहे. स्कॉटने १९७२ पासून ‘पकडलेला मासा मारू नका’ ही मोहीम चालवली, आणि तेव्हापासून बोटीत हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाक्या आल्या. ही योजना ऐकायला सोपी आहे; तिचे रसायन तितके सोपे नाही. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि नेमके त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. खोल पाण्यातून झटकन वर आणलेल्या बासची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या वायुपिशवीला घशात उघडणारी नळी नसते, त्यामुळे वर येताना फुगलेला वायू त्याला पटकन सोडता येत नाही. मासा आडवा होऊन तरंगतो आणि जाणकारांना कुशीतून सुई घालून तो वायू काढावा लागतो. मेजर लीग फिशिंग या स्पर्धा भरवणाऱ्या दुसऱ्या संस्थेने यावर काढलेला तोडगा मला अधिक पटतो: मासा बोटीतच पंचासमोर तोलायचा आणि लगेच, जिथल्या तिथे सोडायचा.

वायुपिशवीचा दुसरा उपयोग सोनारला होतो. पाठवलेला ध्वनी माशाच्या मांसापेक्षा या हवेच्या पोकळीवरून अधिक परततो, आणि पडद्यावर दिसतो तो मुख्यतः तिचाच ठसा. २०१८ मध्ये आलेल्या समोर पाहणाऱ्या सोनारने मासा आमिषाकडे वळतो की पाठ फिरवतो हेही त्या क्षणी दिसू लागले. पडद्याकडे पाहत मासे पकडणे हे कौशल्य आहे की नाही यावर स्पर्धकांत उघड भांडणे झाली, आणि मेजर लीग फिशिंगने २०२५ मध्ये आपल्या मुख्य मालिकेत दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकातच त्याला परवानगी ठेवली.

सोनारवर दिसूनही तोंड न उघडणारे बास असतातच, आणि त्यामागे निव्वळ योगायोग नाही. इलिनॉयमधील रिज तलावावर १९७० च्या दशकात पकडलेला प्रत्येक बास खूण करून सोडला जात असे. एक मासा एका वर्षात १६ वेळा गळाला लागला. काही मासे चार वर्षांत एकदाही नाही. डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग सहज सापडणाऱ्यांचा एक आणि न सापडणाऱ्यांचा दुसरा असे दोन वंश तीन पिढ्या वेगळे वाढवले. पिढीगणिक दोन्ही वंशांतले अंतर रुंदावत गेले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गळाला लागण्याच्या प्रवृत्तीची आनुवंशिकता सुमारे ०.१६ भरते, म्हणजे माशामाशांतल्या या फरकाचा सुमारे १६ टक्के भाग वंशातून येतो. आकडा लहान आहे, पण वर्षानुवर्षे मासेमारी होणाऱ्या तळ्यावर परिणाम घडवायला पुरेसा आहे. निवडून खाण्यासाठी नेलेले आणि धक्क्याने मेलेले मासे मुख्यतः पहिल्या प्रकारचे असतात.

यातली काळजीची गोष्ट विणीच्या हंगामात दिसते. पाणी १६ ते १८ अंशांच्या आसपास पोहोचले की नर बास उथळ तळ साफ करून घरटे करतो आणि अंडी व पिल्ले एकटाच राखतो. घरट्याजवळ येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तो धावून जातो, म्हणून तो आमिषावरही धावतो. २०१२ मध्ये त्याच वंशांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की सहज सापडणारे नर हेच अधिक दक्षतेने पिल्ले राखणारे आणि अधिक पिल्ले जगवणारे असतात. असा नर काही मिनिटांसाठी जरी बोटीत उचलला, तरी टपून बसलेले ब्लूगिल मासे तेवढ्यात घरट्यातल्या अंड्यांवर तुटून पडतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत म्हणूनच बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धात उघडतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील बहुतेक राज्यांत मात्र तो वर्षभर खुला आहे, आणि तिथल्या मोठ्या स्पर्धांपैकी बऱ्याच वसंतातच भरतात, कारण वजनदार बास तेव्हाच उथळ पाण्यात सापडतात.