सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मुंबई

मुंबईतील कलाशिक्षणाची सर्वांत जुनी संस्था. स्थापना १८५७. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि महात्मा फुले मंडई (जुने क्रॉफर्ड मार्केट) यांच्या मधोमध, दादाभाई नवरोजी रस्त्यालगत तिचे झाडांनी भरलेले आवार आहे. सरकारी कागदावर ‘सर ज. जी. कला महाविद्यालय’, बोलण्यात नुसते ‘जेजे’. टॅक्सीवाल्याला एवढेच सांगितले तर तो भायखळ्याला रुग्णालयाच्या दारात नेऊन सोडण्याचा संभव अधिक, कारण १८४५ साली सुरू झालेले ते रुग्णालयही त्याच दात्याच्या नावाचे आहे.

दाते म्हणजे सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९). चीनशी कापूस आणि अफू यांचा व्यापार करून मोठे झालेले हे पारशी व्यापारी. १८५३ साली त्यांनी मुंबईत कलाशाळा काढण्यासाठी सरकारला एक लाख रुपये देऊ केले. त्याआधी दोनच वर्षे लंडनला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हिंदी कारागिरांच्या मालाची फार वाखाणणी झाली होती. ज्या काळात गिरण्यांचा स्वस्त माल इथल्या कोष्टी-रंगाऱ्यांचा धंदा बसवत होता, त्याच काळात त्यांच्या हाताचे कौतुक विलायतेत चालले होते. या कारागिरांना शास्त्रशुद्ध रेखांकन शिकवले की त्यांचे काम सुधारेल आणि उद्योग वाढेल, असा दात्याचा आणि सरकारचा हिशेब होता. चित्रकार घडवण्याचे कोणाच्या मनात फारसे नव्हते. मद्रास आणि कलकत्त्याच्या कलाशाळाही याच दशकात याच विचाराने निघाल्या.

महाराष्ट्रात पाश्चात्त्य पद्धतीचे रेखांकन शिकवण्याचा हा पहिलाच प्रयत्न मात्र नव्हे. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पेशवे दरबारातला ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रेरणेने आणि जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या हाताखाली पुण्यात एक छोटी चित्रशाळा चालली होती. गंगाराम तांबट हा चित्रकार तिथलाच. वेल्स १७९५ साली वारला, पेशवाई मोडकळीस आली आणि तो धागा तिथेच तुटला. जेजेला त्याची आठवण असल्याचे दिसत नाही.

मार्च १८५७ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये रेखांकनाचा वर्ग सुरू झाला. त्याच वर्षी आलेले जॉर्ज विल्किन्स टेरी हे शाळेचे पहिले महत्त्वाचे प्रमुख. लाकडावर कोरून छपाईचे ठसे करण्यात ते तयार होते. पुढे त्यांनी मातीकामाचा नाद घेतला आणि सिंधी पद्धतीच्या झिलईच्या भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी उतरवली. शिक्षणक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या सरकारी कलाशाळेचा: आधी छापील नमुन्यावरून रेषा, मग घनाकृती, मग ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे साचे. ते साचे जहाजाने आले आणि पुढच्या कित्येक पिढ्यांचा हात त्यांच्यावरच बसला. गिरगावातल्या सुताराच्या मुलाने अपोलोचे नाक दिवसेंदिवस छायेसह घोटावे, यात काही विचित्र आहे असे त्या काळी कोणाला वाटले नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता, तेव्हा, म्हणजे १८६५ साली, तीन विलायती शिक्षक नेमले गेले. वास्तुशिल्पासाठी जॉन लॉकवुड किपलिंग, सजावटीच्या चित्रकलेसाठी जॉन ग्रिफिथ्स आणि लोखंडी नक्षीकामासाठी हिगिन्स. प्रत्येकाची वेगळी कार्यशाळा होती. पुढच्याच वर्षी शाळेचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. किपलिंग मातीची भांडी बनवणाऱ्या गावातून आलेला, त्यामुळे कारागिराकडे तो साहेबाच्या नजरेने कमी आणि धंदेवाल्याच्या नजरेने जास्त पाही. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पे आणि आतले कारंजे ही त्याची कामे. कांदे-बटाट्यांच्या गडबडीत ती आजही कमी लोक पाहतात. १८७५ साली लाहोरला नवी कलाशाळा निघाली, तेव्हा तिचा प्रमुख म्हणून तो गेला. आजचे लाहोरचे नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स ते हेच, म्हणजे एका अर्थी जेजेचे धाकटे भावंड. याच किपलिंगचा मुलगा, ‘जंगल बुक’चा लेखक रड्यार्ड, ३० डिसेंबर १८६५ रोजी या आवारात जन्मला. ‘किपलिंगचा बंगला’ म्हणून आज दाखवला जातो तो मात्र नंतर बांधलेला डीनचा बंगला आहे; जन्माचे घर केव्हाच गेले.

ग्रिफिथ्सने शाळेला जे दिले ते वेगळ्याच जातीचे होते. १८७२ पासून सुमारे तेरा वर्षे दरवर्षी थंडीत तो विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन अजिंठ्याला जाई. भिंतींवरची चित्रे कॅनव्हासवर मूळ आकारात उतरवून घेण्याचे हे काम. त्याआधी रॉबर्ट गिल याने केलेल्या बहुतेक नकला १८६६ च्या आगीत लंडनला जळाल्या होत्या म्हणून ते पुन्हा हाती घेतले, आणि दैव असे की नव्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ च्या लंडनमधल्या आगीत गेल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सने १८९६–९७ मध्ये दोन मोठे चित्रखंड काढले. पेस्तनजी बोमनजी हे या मोहिमांतले ठळक नाव. वर्गात ग्रीक मूर्ती आणि सुट्टीत बोधिसत्त्व, असे या मुलांचे दुहेरी शिक्षण झाले. हिंदी चित्रपरंपरेशी शाळेचा पहिला खरा संबंध अभ्यासक्रमातून आला नाही, तो वाघूर नदीकाठच्या काळोख्या लेण्यांतून आला.

१८७८ साली शाळा सध्याच्या जागेतल्या स्वतःच्या इमारतीत आली. आराखडा जॉर्ज ट्विग मोलसी याचा, शैली निओगॉथिक. पलीकडे बोरीबंदरला व्हिक्टोरिया टर्मिनसचे बांधकाम चालू होते आणि त्याच्या सजावटीत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. खांबांच्या माथ्यावरची पाने, पक्षी, माकडे जवळून पाहिली तर कारागीर घडवण्याची मूळ कल्पना निदान दगडात तरी काही काळ फळाला आली होती हे पटते. १८९१ साली लॉर्ड रे आर्ट वर्कशॉप्स सुरू झाली. लाकूडकाम, धातूकाम, गालिचे, मातीकाम असे हातकामाचे वर्ग तिथे चालत.

पण वारा दुसरीकडे वाहू लागला होता. वंशपरंपरागत कारागिराला मुलगा चार वर्षे शाळेत ठेवणे परवडत नव्हते. येऊ लागला तो पांढरपेशा घरातला, इंग्रजी थोडेफार येणारा आणि नोकरी हवी असलेला मुलगा. शाळांमध्ये रेखांकन हा विषय आला, ड्रॉइंग मास्तरांची गरज पडली आणि त्यांच्या प्रशिक्षणाचा वर्ग १८९३ मध्ये निघाला. महाराष्ट्राच्या गावोगावच्या हायस्कुलात कोट-टोपी घालून फळ्यावर एका दमात वर्तुळ काढणारा जो ड्रॉइंग मास्तर दिसे, त्याचे मूळ इथे. ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या ग्रेड परीक्षांचेही तेच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन यांचे पेपर आजही कला संचालनालय घेते, आणि जेजेचे तोंडही न पाहिलेली मुले सोलापूर-गडचिरोलीत त्यासाठी रंगपेटी घेऊन बसतात. शाळेचा सर्वांत दूरवर पोचलेला परिणाम कोणता, असे विचारले तर थोरामोठ्यांच्या चित्रांआधी या परीक्षांचे नाव घ्यावे लागेल.

चित्रकार आणि शिल्पकार शाळेने जणू न ठरवता घडवले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान इथे शिकले. दादासाहेब फाळके १८८५ साली इथे दाखल झाले होते, पण त्यांचे खरे पर्व पुढे बडोद्याला आणि मग कॅमेऱ्यापाशी. कोल्हापूरहूनच आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून आले, शिक्षक झाले, हेडमास्तर झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय (१८९५). त्यांच्या पोस्टकार्डांतली आणि पौराणिक चित्रांतली नऊवारी नेसलेली बाई म्हणजे त्या काळचा मराठी मध्यमवर्ग स्वतःला कसा पाहत होता याचा पुरावा आहे. गणपतराव म्हात्रे यांनी विशीच्या आसपास असताना ‘मंदिरपथगामिनी’ (१८९६) ही प्लास्टरची मूर्ती केली. पूजेचे साहित्य हाती घेऊन निघालेली ही नऊवारीतली तरुणी. तिच्या निऱ्यांत ग्रीक मूर्तीच्या वस्त्राची घडी स्पष्ट ओळखू येते, आणि तरी ती पूर्णपणे इथली आहे. रवींद्रनाथ टागोरांनी बंगालीत तिची वाखाणणी केली. गोव्याचे ए. एक्स. त्रिंदाद व्यक्तिचित्रांसाठी नावाजले. त्यांची मुलगी अँजेला आणि धुरंधरांची मुलगी अंबिका या दोघी इथे शिकलेल्या पहिल्या पिढीतल्या चित्रकर्त्री. शिक्षकांच्या घरातून वर्गात येण्याची वाट त्या काळी मुलींना थोडी सोपी होती.

सेसिल बर्न्स यांच्या लांबलेल्या कारकिर्दीनंतर १९१९ मध्ये कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख म्हणून आले आणि शाळेला पहिल्यांदा स्वतःची भूमिका असल्यासारखे झाले. त्यांनी नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला, आणि गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या पाठबळाने १९२० मध्ये भित्तिचित्रांचा. भारतीय शैलीच्या चित्रकलेचा वर्ग जगन्नाथ अहिवासी यांनी नावारूपाला आणला. लंडनमधल्या १९२४ च्या वेम्बली प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी रंगवलेली ‘इंडियन रूम’ गेली. नव्या दिल्लीतल्या सचिवालयाच्या नॉर्थ ब्लॉकमध्येही मुंबईच्या मुलांनी भित्तिचित्रे केली. कलकत्त्याच्या अवनींद्रनाथ टागोरांच्या पंथातल्या चित्रकारांना ही मुंबईची ‘भारतीयता’ उसनी वाटे. यथार्थ शरीरचित्रणावर अजिंठ्याचे अलंकार चढवले की भारतीय चित्र होत नाही, असा त्यांचा आक्षेप. तो पुरता खोटा नव्हता. पण मुंबईकरांचा हात रेखांकनात पक्का होता, हेही तितकेच खरे. हा वाद दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांतून चवीने रंगला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी काटकसरीत शाळाच बंद करण्याची शिफारस पुढे आली होती. लोकांनी आरडाओरडा केला आणि ती बारगळली.

सॉलोमननंतर चार्ल्स जेरार्ड यांनी इंप्रेशनिझमनंतरच्या युरोपीय चित्रकलेचे दार किलकिले केले. त्यांच्यामागून व्ही. एस. अडूरकर हे शाळेचे पहिले भारतीय प्रमुख. तरीही १९४० च्या दशकातल्या बंडाळीचे श्रेय वर्गापेक्षा बाहेरच्या गप्पांना द्यावे लागते. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक असलेले ऑस्ट्रियन निर्वासित वॉल्टर लँगहॅमर यांच्याकडे तरुण चित्रकार जमत. गोव्यातल्या साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा याला १९४५ साली राजकीय चळवळीतल्या सहभागावरून शाळेतून काढले गेले. दोन वर्षांनी त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट उभा केला. त्यात एस. एच. रझा, एस. के. बाकरे हे जेजेचे, तर के. एच. आरा बाहेरचा. वासुदेव गायतोंडे, तय्यब मेहता, अकबर पदमसी हेही इथलेच. प्रवेश नाकारलेल्यांची यादीही वाईट नाही: अंगी गुण नाहीत म्हणून अर्ज फेटाळला गेलेल्या म्हैसूरच्या एका मुलाचे नाव आर. के. लक्ष्मण.

उपयोजनाची मूळ प्रेरणा या काळात दोन वेगळ्या वाटांनी टिकली. १८९६ च्या नकाशे काढणाऱ्यांच्या वर्गातून वास्तुकलेचा विभाग वाढला आणि १९२३ ते १९४३ क्लॉड बॅटली यांनी त्याला आकार दिला. विद्यार्थ्यांनी जुने वाडे-देवळे स्वतः मोजून काढावीत, हा त्यांचा आग्रह. इथल्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये काढलेल्या मंडळातूनच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. दुसरी वाट १९३५ च्या कमर्शिअल आर्ट विभागाची. साबणाच्या जाहिराती, सिनेमाची पोस्टरे, पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंकांची सजावट यांतून जेजेची मुले थेट मराठी घरात पोचली. र. कृ. जोशी इथे शिकले, आणि संगणकावर देवनागरी वाचणाऱ्या कोट्यवधी लोकांनी त्यांचा ‘मंगल’ टंक नाव न कळता वापरला.

१९५८ मध्ये संस्था तीन झाल्या: कला, वास्तुकला आणि उपयोजित कला. आवार एकच राहिले, कारभार वेगळे झाले. १९६५ मध्ये राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले, त्याचीही कचेरी याच आवारात. १९८१ पासून जी. डी. आर्ट पदविकेच्या जागी मुंबई विद्यापीठाची पदवी आली. शंकर पळशीकरांसारखे शिक्षक आणि प्रभाकर बरवे, प्रभाकर कोलते यांच्यासारखे विद्यार्थी याच चौकटीतून निघाले, पण देशातले पुढारपण हातून सुटत चालले होते. १९५० मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात नवी ललितकला शाखा, १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर. वस्तू नीट घडवायला शिकवणे हे जे काम जमशेटजींच्या देणगीपत्रात होते, ते शंभर वर्षांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला इंजिनियरांच्या शेजारी सुरू झाले. जेजेत दरम्यान शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि सरकारी खात्याच्या फायली जाड होत गेल्या.

वेगळे विद्यापीठ हवे की राज्याच्या छत्राखालीच राहावे, यावर माजी विद्यार्थ्यांत बरीच वर्षे तट होते. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तिन्ही संस्था पुन्हा एका नावाखाली आल्या: सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आर्किटेक्चर अँड डिझाइन. ‘डिझाइन’ हा शब्द संस्थेच्या पाटीवर पहिल्यांदाच लागला.